दोन होड्या, एक खुंट

गुणाबाईचा आवाज मानकोलीच्या नाक्यापर्यंत जायचा. त्या दिवशी मात्र ती गप्प होती, आणि गप्प गुणाबाई जास्त वाईट. गोडाऊनच्या ऑफिसातले तिन्ही कॉम्प्युटर आंधळे झाले होते. बाहेर सात ट्रक उभे. कुठला माल कुठं जायचा ते कंपनीकडून इंटरनेटवर आल्याशिवाय एक खोका हलत नव्हता. दिवाळीपासूनची ही तिसरी खेप. मुंबईच्या साहेबानं फोनवर सांगून टाकलं होतं, चारपर्यंत लाइन आली नाही तर उद्यापासून माल पडघ्याच्या गोडाऊनला उतरेल.

सासऱ्याच्या भातशेतीवर हे गोडाऊन तिनं उभं केलं होतं, नवऱ्यामागं, अंगठा सोडून सही शिकून. ते ओस पडलेलं बघायला ती जगली नव्हती.

म्हणून तर दुसऱ्या खेपेला तिनं मुलाला, भावेशला, नाही नाही ते बोलून इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घ्यायला लावल्या होत्या. निजामपुऱ्याच्या वायरवाल्या मोरूनं मध्ये एक डबा बसवला. एक लाइन मेली की डबा आपणहून दुसरी धरणार. मोरूनं एकीची पिन उपटून दाखवली, कॉम्प्युटर चालूच राहिला, आणि तिनं डब्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता.

"आज काय डब्याचा उपास हाय?" तिनं मोरूला विचारलं.

डब्याचा दोष नव्हता. गटारासाठी जेसीबीनं सकाळी रस्त्याकडेला खणलं. दोन्ही वायरी एकाच चरातून आलेल्या. एका घासात दोन्ही गेल्या.

गुणाबाई खाडीकाठची. दोन होड्यांना दोन खुंट लागतात, हे तिला दुधाचे दात पडायच्या आधीपासून ठाऊक. एकाच खुंटाला बांधल्या आणि भरतीत तो उपटला, की दोन्ही होड्या पाण्यात. एवढं ज्याला कळत नाही त्याच्या हातात पक्कड कुणी दिली, असं म्हणत तिनं मोरूची शाळा काढली, मास्तर काढला, मास्तरचा मास्तर काढला.

मोरूनं खाली मान घालून सगळं ऐकलं. मग हळूच बोलला, "काकी, दुसरी वायर मी राहीबाईंच्या गच्चीवरूनच आणणार होतो. तुम्हीच म्हणालात, त्या घरावरून माझ्या घरात वारासुद्धा नको."

भावेश खिडकीत जाऊन ट्रक मोजायला लागला.

राहीबाई तिची थोरली जाऊ. अकरा वर्षांमागं शेताचा बांध हातभर सरकला होता. कुणी सरकवला ते दोघींनाही पक्कं माहीत होतं, फक्त नाव वेगवेगळं होतं. तेव्हापासून गुणाबाईनं त्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं.

तिनं पदर खोचला आणि निघाली. वाटभर जेसीबीला, मोरूला, मेलेल्या सासऱ्याला शिव्या घातल्या. स्वतःला कुठली घालावी ते सुचेना, त्याचाच राग जास्त.

राहीबाई ओटीवर सुकट निवडत होती. गुणाबाईनं उभ्यानंच सांगितलं, वायर गच्चीवरून न्यायचीय, चारच्या आत. राहीबाईनं मान वर केली नाही. सूप बाजूला ठेवलं, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून पुढ्यात ठेवला.

"आदी पानी पी," ती म्हणाली. "बांदाचं मंग बगू. तो काय कुटं जात न्हाय."

गुणाबाईनं तांब्या उचलला. उभ्यानं, एका दमात, थेंब न ठेवता रिकामा केला, जसं काही भांडण तांब्याशीच होतं. खाली आदळला आणि मागं न बघता मोरूला हाक मारली.

साडेतीनला डब्यावर हिरवा दिवा लागला. चारला पहिला ट्रक हलला. चरातली लाइन उद्या जोडली की आपल्यासमोर आधी एक, मग दुसरी तोडून दाखवायची, आणि पिन नव्हे, बाहेरची वायर तोडायची, असं तिनं मोरूला बजावलं.

मग भावेशनं भीत भीत विचारलं, मोठी आई काय म्हणाली.

"पाणी मचूळ हाय तिच्याकडचं," गुणाबाई फणकारली. "उद्या आपल्या बोअरचा हंडा नेऊन दे. कळू दे तिला गोडं पाणी कसं असतं."