नीलपंखचा शेवटचा सीझन

डोक्यामागे बांधलेल्या मुखवट्याचा रबर उजव्या कानामागे रुतत होता. घाम लागला की तिथली सोललेली कातडी चुरचुरायची. दिव्यानीचा हात वर गेला आणि अर्ध्यातच थांबला — रबर सैल केला तर मुखवटा घसरेल, आणि मागून चेहरा दिसला नाही तर वाकलेली बाई वाघाला जनावर वाटते, असं गावात सगळेच सांगत. वनखात्याकडून मिळालेला मुखवटा सासूबाई वापरत. दिव्यानीसाठी नवऱ्याने, पवनने, नागभीडच्या बाजारातून मालिकेतल्या नीलपंखचा आणला होता, निळा, डोळ्यांच्या जागी रुपेरी चकत्या असलेला. ‘तुया मांगं आता तुया हिरोच राहीन,’ असं तो म्हणाला होता, आणि ती केवढी हसली होती…

नीलपंख त्यांनी लग्न झाल्यापासून एकाच मोबाईलवर पाहिला होता, इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक त्याच्या. मालिकेतल्या नंदिनीने हाक मारली की तो शहरावरून उडत यायचा. तीन सीझन वेळेवर आला. या शेवटच्या सीझनमध्ये तिच्यासोबत साधा संसार करायचा म्हणून त्याने शक्ती सोडली होती, आणि परवा संध्याकाळी पाहिलेला भाग संपला तेव्हा नंदिनी गच्चीच्या कठड्याला लोंबकळत त्याला हाका मारत होती — आभाळ रिकामं. आता एकच भाग उरला होता. पवन तो लगेच लावणार होता, पण दिव्यानीने मोबाईल उलटा ठेवला. डोकं दुखतंय म्हणाली.

डोकं दुखत नव्हतं. त्याच परवाच्या सकाळी, याच मोहाच्या झाडाखाली, ती फुलं वेचत होती आणि पवन कुऱ्हाड घेऊन राखण करत उभा होता — एकाने वाकायचं, एकाने उभं राहायचं, हा इथला नेम. झुडपात सळसळलं. तिने मान वर केली तेव्हा पवन मागे सरकलेला होता, चांगला तीन-चार पावलं, आणि तेवढं सरकून झाल्यावर त्याच्या तोंडून तिचं नाव निघालं. आधी पाय, मग नाव. झुडपातून रानडुक्कर बाहेर आलं. पवन हसला, तीही हसली. पण गेल्या साली केसरबाईला वाघाने नेलं तेव्हा तिचा नवरा देवराव असाच जवळ उभा होता, आणि त्याला कुणी काही विचारलेलं नसताना तो अजून भेटेल त्याला सांगतो, मी ओरडलो होतो…

“का वं, हात काऊन थांबला?” कुऱ्हाड घेऊन बाजूला उभा असलेला पवन म्हणाला.

“काई नाई.”

“आज लास्टचा भाग पाहूच. तू दोन दिवसापासून टाळून राह्यली. तो मरते म्हणून भेव लागते का?”

“तुमी पाहून घ्या. मले सांगू नोका.”

“एकट्यानं पाहाले काय मजा?”

ती उठली. वेचायला सोपं जावं म्हणून जाळलेल्या पाल्याच्या काळ्या राखेवर फुलं पिवळट दिसत होती, टोपली निम्मी झाली होती. “आता तुमी वेचा,” ती म्हणाली, “मी उभी राहाते.” तिला त्याला दाखवायचं होतं — काय, ते तिने स्वतःशीही नीट म्हटलं नाही. राखण म्हणजे काय ते, बहुतेक.

“वा! राखणदारीण!” त्याने कुऱ्हाड तिच्या हातात दिली आणि तिचा मुखवटा स्वतःच्या डोक्यामागे चढवला. “वाघ आला तं मले उचलून उडजो.” आणि खरंच तिच्याकडे पाठ करून वाकला, निर्धास्त, शर्ट वर सरकून कंबरेची उघडी पट्टी दिसेल इतका.

कुऱ्हाड वाटली होती त्यापेक्षा जड होती. दिव्यानीने झुडपं पाहिली, नाला पाहिला, बांबूची दाट रांजी पाहिली. कुठे काही हललं नाही. मग तिला कळलं की ती त्याच्याजवळ उभी नाही. गावाकडे जाणारी पायवाट जिथे सुरू होते, तिथे उभी आहे. वाटेतला दगड, त्यापुढची मोकळी जागा, सगळं डोळ्यांनी आधीच पाहून ठेवलेलं. हे केव्हा ठरवलं? ठरवलं नव्हतं… कुणीच ठरवत नसेल. दोन दिवस तिने त्या पावलांचा हिशेब त्याच्या नावावर मांडला होता, आणि आता वाघ नसतानाच, काही हललेलंही नसताना, तिचे स्वतःचे पाय पळायच्या वाटेवर येऊन थांबले होते.

पवन वाकून वेचत होता, गुणगुणत.

तिने त्याच्या दिशेने एक पाऊल टाकलं. दुसरं अजून टाकायचं होतं.