दांडा उचलण्याआधी

शाळेतून फोन आला तेव्हा हरेशच्या हायड्रा क्रेनवर लोखंडी पट्ट्यांची मोळी लटकत होती. ती जमिनीला टेकेपर्यंत त्याने फोन घेतला नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वीस वर्षं क्रेन चालवल्यावर अंगात तेवढी शिस्त मुरतेच. पण पलीकडून बाई म्हणाल्या, "समीक्षाचे वडील ना? ती प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आहे, पण तुम्ही या," आणि त्याला क्रेनची चावी काढायचंही भान राहिलं नाही.

समीक्षा पंधरा वर्षांची. दवाखान्यातल्या बाकड्यावर ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरेफटक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंस?"

"पोहे."

हरेशने मान खाली घातली. घरात त्या दिवशी पोहे झालेच नव्हते. रंभाने, त्याच्या बायकोने, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी केली होती. पण पोरीला परक्यासमोर खोटं पाडणं त्याच्या जिवावर आलं.

रक्त फारच कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि खाण्याबद्दल बजावलं. मग समीक्षाच म्हणाली, "मला वेट ट्रेनिंग करायचंय. करू शकते का मी?"

"आधी हे रक्त वाढव. मग जरूर कर, पण नीट शिकवणारं माणूस हवं. मोबाइलवर बघून नाही."

घरी रंभा ऐकूनच हबकली. "पोरीच्या जातीला वजनं? उंची खुंटल तिची. आनि उद्या काय झाला तर कोन जबाबदार?"

"उंची खुंटत नाय, डॉक्टरनी सांगितलाय," हरेश म्हणाला खरा, पण वजनाची धास्ती त्यालाही होती. वजन म्हणजे काय असतं ते रंभापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एका हमालाच्या पायावर लोखंडी अँगल घसरला होता, त्याच्या डोळ्यांदेखत. पण समीक्षाने कितीतरी महिन्यांनी काहीतरी मागितलं होतं. नाही म्हणायला त्याची जीभ वळली नाही.

रोडपालीत त्यांच्या गावठाणापासून दहा मिनिटांवर वसुंधरा मॅडमची शेड होती. पत्र्याचं छप्पर, खाली जाड रबराच्या चटया, आणि दहा-बारा मुली. वसुंधरा मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, स्वतः वजनं उचलून राज्य पातळीपर्यंत खेळलेल्या. गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले, तपासणीत रक्त वाढलेलं दिसलं, तेव्हाच त्यांनी समीक्षाला घेतलं. पहिला महिना तर हातात नुसती काठी. काठी खांद्यावर ठेवून बसायचं, उठायचं, पाठ सरळ, टाचा जमिनीला.

हरेश रोज पाच वाजता काम आटपून दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसे. पोरगी खाली बसली की त्याचे गुडघे दुखत, ती उठली की त्याचा श्वास सुटे.

"दादा," वसुंधरा मॅडम एकदा म्हणाल्या, "तुम्ही तिच्याकडे असं बघता, जशी काही ती काचेची आहे. तिला ते कळतं."

त्याने एकदा बाजारातून ताकदीच्या पावडरीचा डबा आणला, तोही मॅडमनी परत करायला लावला. "कसली पावडर? घरात मासळी शिजते, अंडी आहेत, डाळ आहे, दही आहे. ते पोटभर खाऊ दे. तेवढं पुष्कळ झालं."

मग डबा भरायचं काम हरेशने स्वतःकडे घेतलं. सकाळी उठून दोन अंडी उकडायची, भाकरी, भाजी, एक केळं, कधी भिजवलेले चणे. संध्याकाळी डबा लख्ख रिकामा यायचा. तो धुताना हरेशच्या मनाला जरा उभारी येई. पण समीक्षाच्या मनगटाकडे नजर गेली की परत काळजी लागे. घड्याळाचा पट्टा तिने आणखी एक भोक आत ओढला होता.

पाचव्या आठवड्यात मॅडमनी तिला पहिल्यांदा लोखंडी दांडा दिला. नुसता दांडा, दोन्ही टोकांना काही नाही. समीक्षा खाली बसली आणि उठताना तिचे हात थरथरायला लागले, मग पाय. हरेश खुर्चीवरून उठलाच. पण त्याच्या आधी मॅडमनी मागून दांडा उचलून लोखंडी घोडीवर ठेवला होता.

"दुपारी काय खाल्लंस?"

"भाकरी. दोन अंडी. केळं."

"मीच भरून दिलाय डबा," हरेश घाईने म्हणाला.

"मी तुम्हाला नाही विचारलं, दादा." मॅडमनी आवाज चढवला नव्हता. "समीक्षा, मी रागावणार नाही. पण पोटात काही नसताना दांडा उचललास तर तो तुझ्या मानेवर येईल. म्हणून मला खरं माहीत पाहिजे."

तिने नजर चटईकडे वळवली. मग म्हणाली, "शाळेमागे कुत्री असतात. त्यांना घालते."

घरी जाताना हरेशने तलावाकाठी स्कूटर थांबवली. भीतीचा राग झाला आणि तो ओरडला, "कुनी सांगितला तुला उपाशी राहायला? नाव सांग. शाळेतली हाय कोन?"

"शाळेतली नाही."

"मग?"

"तुम्ही."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"भगवानकाकाच्या घरी, चुलतदादाच्या हळदीला. मी पिवळा घागरा घातला होता. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ही आमची हायड्रा, नवऱ्याकडे न्यायला दुसरी हायड्रा लागेल. सगळे हसले. तुम्ही सगळ्यात जास्त."

हरेशला मांडव आठवला, बेंजो आठवला, थोरल्या भावाने, भगवानने, पाठीवर दिलेली थाप आठवली. पोरगी त्यानंतर आत निघून गेली होती का, ते मात्र काही केल्या आठवेना. त्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. 'अगं, चेष्टा केली होती,' हे ओठांवर आलेलं त्याने गिळलं.

"चुकलो मी," तो म्हणाला.

"आता काय उपयोग?" समीक्षा म्हणाली. "जेवायला बसले की तेच ऐकू येतं."

त्या संध्याकाळी त्याने रंभाला सगळं सांगितलं, स्वतःचं नाव न वगळता. रंभा गॅस बंद करून ओट्याशी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी खारघरच्या एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. "तिच्या ताटावर पहारा ठेवू नका," त्यांनी बजावलं. "सोबत बसा, जेवा, दुसऱ्याच गोष्टी बोला. आणि लगेच फरक पडेल असं धरून चालू नका."

हे त्याला सगळ्यात अवघड गेलं. जेवताना तो क्रिकेटबद्दल बोले, विमानतळाकडच्या नव्या रस्त्याबद्दल बोले, आणि डोळे ताटावर जाऊ नयेत म्हणून दाराकडे बघत राही. समीक्षा कधी अर्धी भाकरी खाई, कधी नुसतं भाताशी खेळे. एके रविवारी भगवान आला आणि दारातूनच म्हणाला, "काय गं हायड्रा, वजनं उचलतेस म्हनं?"

"दादा, त्या नावानं हाक मारू नको तिला," हरेश म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ती माझी चूक होती. परत नाय चालणार या घरात."

भगवान चहा न घेता गेला. त्याच्या रुसण्याचं हरेशला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्याला समीक्षाच्या खोलीच्या बंद दाराची धास्ती होती. ते दार तेव्हाही उघडलं नाही.

पुढे पंधरा दिवसांनी, शेडमध्ये जायच्या वेळेला ती स्कूटरजवळ येऊन उभी राहिली. दप्तरातून डबा काढून तिने त्याच्या हातात दिला. जड होता.

"आज नाही खाल्लं," ती म्हणाली. "कुत्र्यांनापण नाही घातलं."

हरेशकडे विचारायला दहा प्रश्न होते. त्याने एकच विचारला. "आता काय खाशील?"

तिने जरा विचार केला. "अंडं. एकच. पण तुम्ही बघू नका."

तो तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला. मागे डब्याचं झाकण उघडलं. ट्रकांचा आवाज इतका होता की ती खातेय की नाही, काही कळत नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

शेडमध्ये मॅडमनी विचारलं, तेव्हा समीक्षा म्हणाली, "डबा नाही खाल्ला. आत्ता एक अंडं आणि थोडी भाकरी खाल्ली."

"बरं झालं सांगितलंस. आज दांडा नको, काठी."

ती रुसली नाही. काठी घेऊन मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. हरेश खुर्ची उचलून दाराबाहेर घेऊन गेला आणि शेडकडे पाठ करून बसला. आतून मॅडमचा आवाज येत होता, एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्यानंतरच्या शांततेत तो कान टवकारत होता.