तुरीवरचं औषध

"गोरोबाकाका, तुम्ही दारू पिता का?"

विचारून टाकलं एकदाचं. शिवकांता आणि चन्नम्मा बांधाआड तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. "हिंमत असंल तर इचार," असं त्यांनीच मला शाळेतून येताना टोचलं होतं. आणि नववीत गेल्यापासून मला कुणी असं म्हटलं की राहवतच नाही. लोहाऱ्याला अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकून आलेली मी, घरच्या सालगड्याला काय भ्यायचं?

गोरोबाकाकांचे हात थरथरायचे. चालताना झोक जायचा. धुरपदाबाईचा नवरा बाटलीला लागला, असं गाव म्हणायचं.

काका रागावले नाहीत. "न्हाय गं बाय, माळ हाय गळ्यात," ते म्हणाले. "त्या दोघींस्नी म्हनावं, तिथं सराटं हैत, बघून बसा."

बांधाआड खसखस पिकली. मलाही हसू आलं. तेवढ्यात काकांनी भाकरीचा घास तोडला. उरलेल्या भाकरीला लाल डाग लागला होता. त्यांनी ती बाजू हळूच खाली फिरवली.

"दात दुखतोय का?"

"दात न्हाय. सोलापूरला दवाखान्यात गेलतो. सुईनं रगत काढलं, काचंखाली बघितलं. डाक्टर म्हनला, रगतातलं शिपाई मरायलेत. नवं तयार व्हईनात."

"कशानं?"

"म्हनला, फवारायच्या औषधानं असंल. नक्की सांगता येत न्हाय."

शिपाई म्हणजे पांढऱ्या पेशी. मला पाठ होतं सगळं. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला, तेव्हा त्या पेशींच्या विटा बघून मी वर्गात नाचले होते. समोर बसून भाकरी खाणाऱ्या माणसाच्या आत असलं काही विझत असेल, हे तेव्हा कुठं डोक्यात आलं होतं?

औषध मारायची आमच्याकडची रीतच तशी होती. पंप सारखा तुंबायचा. मग काका बादलीत हात घालून औषध कालवायचे आणि वेळअमावस्येला पिकावर आंबील शिंपतात, त्या शेतपूजेच्या सणासारखं कडुनिंबाच्या डहाळीनं तुरीवर शिंपत जायचे. आंबील शिंपायचा मान दरवर्षी त्यांचाच. "गोरोबासारखा हात कुणाचा न्हाय," असं माझे वडील, आबा, चारचौघांत सांगायचे, म्हणून औषधही त्यांच्याच हातून. सदरा खराब नको म्हणून ते उघड्या अंगानं शिरायचे. वाऱ्यानं उलटून आलेलं पाठी-पोटावरच वाळायचं.

संध्याकाळी आबा जेवायला बसले तेव्हा मी सरळ विषय काढला.

"आबा, गोरोबाकाकांना औषधाचं काम देऊ नका. त्यांचं रक्त नासलंय त्यानं."

"डाक्टर नक्की म्हनला का तसं?"

"नक्की नाही म्हणाले."

"मग? सगळा मुलूख मारतोय औषध. काय होत न्हाय त्यानं. पुस्तकं वाचून वकिली शिकलीस व्हय?"

आई भाकरी थापत होती.

दारात गोरोबाकाकांची बायको धुरपदाबाई येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, नजर खाली.

"मालक, ह्यांस्नी उठून बसवंना. उद्या तुरीवर म्या मारते. दुसरा गडी बघू नका."

"जमंल का तुला?"

"न जमायला काय झालं? शिंपायचंच की."

"बरं. ये उजाडताच."

आईनं तिच्या पदरात दोन भाकरी टाकल्या. ती वळली. मी तिचे हात बघितले. खुरपं धरून घट्टे पडलेले, पण अजून स्थिर होते.

ती अंधारात दिसेनाशी झाल्यावर मी उठले.

"आबा, उद्या तुरीत मी जाणार."

"कशाला?"

"औषध मारायला."

आईचा हात परातीतच थांबला. "येड लागलं का तुला? अंगावर उडतंय ते."

"उडू दे. काय होत नाही त्यानं. आबाच म्हणाले की."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "वनमाला, खाली बस."

मी बसले नाही. खुंटीवरची ओढणी घेतली.

"मी धुरपदाकाकूंना सांगून येते, उद्या येऊ नका म्हणून. बादली मी धरणार."