पोर्तुगालचं घर, कल्याणची घासाघीस

निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, नाहीतर हास्यक्लबात. आमच्या श्रीपादरावांनी पोर्तुगालला जायचं ठरवलं. फिरायला नाही, घर घेऊन राहायला. समुद्रकाठचं गाव, खिडकीत बसलं की लाटा, बाजूला लिंबाचं झाड. फोटो त्यांनी मला इतक्या वेळा दाखवला की ते झाड आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीतलंच वाटायला लागलं.

मला जायचं नव्हतं, स्पष्टच सांगते. आमची लेक ऋजुता कोपरला राहते. दर रविवारी जेवायला येते आणि उरलेली आमटी डब्यात घेऊन जाते. पोर्तुगालहून आमटी कशी पोचवायची? पण तोंडातून शब्द निघेना. या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. विमा कंपनीत मान मोडून काम केलं, तेही अशा खिडकीशी, जिच्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी तेवढी दिसायची. आता त्यांना समुद्र हवा होता. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

त्यांची तयारी जोरात होती. रिक्षावाला, वॉचमन, भाजीवाली, सगळ्यांना ते "ओब्रिगादो" म्हणायचे. म्हणजे तिकडच्या भाषेत आभार. भाजीवालीने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "काकी, काकांना बरं नाय काय?"

भाव ठरवायचं काम मात्र माझ्याकडे आलं. श्रीपादरावांना कोणी मेथीची जुडी शंभरला सांगितली, तर ते सुटे नसल्याबद्दल माफी मागतात. मी कल्याणची. आईचं बोट धरून तिथल्या बाजारात वाढले. आईचा नियम होता, आधी नाक मुरडायचं, मग पाठ फिरवायची. चार पावलं जात नाही तोच मागून हाक येते, "अहो ताई, या तरी!" आणि एकदा पाठ फिरवली की आपण होऊन वळायचं नाही, काही झालं तरी.

घराची मालकीण इल्दाबाई. माझ्याच वयाची, एकटी. तरुणपणी इंग्लंडात नोकरी केलेली, त्यामुळे इंग्रजीत बोलता येत होतं. तिने व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सुरुवात केली आणि मी नाक मुरडायला.

"भिंती इस्पितळासारख्या का? शेगडीशी उभं राहिलं की दाराकडे पाठ, कोण आलं ते कळायचं कसं? लिंबाने अर्धा समुद्र झाकलाय. कपडे कुठे वाळत घालता? आणि हे पडदे कोणी निवडले?"

इल्दाबाईचा चेहरा पडत गेला. मी खूश. दुकानदाराचा चेहरा पडला की भावही पडतो. शेवटी, "जाऊ दे, आम्ही दुसरीकडे बघू," म्हणून मी झोकात फोन बंद केला.

"अगं, बंद का केलास?" श्रीपादराव ओरडलेच.

"पाठ फिरवली. बघाच आता, चहा होईपर्यंत हाक येते."

चहा झाला. जेवण झालं. आठवडा उलटला, हाक नाही. श्रीपादराव फोन घेऊन आंघोळीला जायला लागले. मग तेही थांबलं. एक दिवस भाजीवालीला त्यांनी साधं "थँक यू" म्हटलं. खरं तर माझ्या मनासारखंच झालं होतं, मी पेढे वाटायला हवे होते. पण पानावर बसून लोणचंसुद्धा न मागणारा तो माणूस मला बघवेना.

मी फोन लावला. सोडलेल्या दुकानाकडे जन्मात पहिल्यांदा वळले. आईने वर कपाळावर हात मारून घेतला असणार.

इल्दाबाई नाचतच समोर आली. "थांब, आधी बघ!" म्हणाली आणि घरभर फोन फिरवला. भिंती पिवळ्याधमक. शेगडी अशी हलवलेली की दार समोर. लिंब छाटलेलं आणि मागे समुद्रच समुद्र. अंगणात दोरी, दोरीवर तिचे झगे फडफडत होते. पडदे नवे.

"तू म्हणालीस तसं सगळं केलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला कोणी सांगितलंच नाही. आता घर इतकं गोड झालंय, कशाला विकू?"

मी गार पडले. माझ्याच जिभेने मी नवऱ्याचा समुद्र घालवला होता. तेवढ्यात श्रीपादरावांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ठीक आहे. आम्ही दुसरीकडे बघू," ते म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

"अहो, हे काय केलंत?"

"पाठ फिरवली." त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "अशीच फिरवतात ना?"

"तिला विकायचंच नाहीये! जिला विकायचंच नाही तिच्यापुढे पाठ फिरवून काय उपयोग?"

"हे तू आधी नव्हतं सांगितलंस," ते पडेल आवाजात म्हणाले.

दोघं फोनसमोर बसून राहिलो. आणि मी देवाला विनवत होते, वाजू दे रे बाबा, एकदा वाजू दे. मला जायचं नव्हतं, तरी विनवत होते.

फोन वाजला. मी झडप घातली.

"आई, मी ऋजुता. रविवारी काय करतेयस?"

"ठेव गं! आम्ही इथे महत्त्वाच्या फोनची वाट बघतोय!" म्हणून मी कट केला. जिच्यासाठी मला जायचं नव्हतं, तिचाच.

फोन पुन्हा वाजला. या वेळी इल्दाबाई. तिच्या बहिणीला तिच्या पिवळ्या भिंतींचा हेवा वाटत होता. हिवाळ्यात दोन महिने इल्दाबाई त्या बहिणीकडे राहते, तेवढे महिने आम्ही तिच्या घरात राहावं. घर विकणार नाही, पण दरवर्षी या. आणि येण्याआधी बहिणीच्या घरालाही मी एकदा फोनवरून नाक मुरडावं, एवढीच अट.

श्रीपादराव उठले. आत गेले आणि लोणच्याची बरणी घेऊन आले.

मग मी ऋजुताच्या फोनची वाट बघत बसले. चहा झाला, जेवण झालं, तिचा काही फोन येईना. कशी करेल? तिला बाजार मीच शिकवला. शेवटी मीच केला.

"बोला," ती म्हणाली. "काही हवंय का?"

"अगं, रविवारी ये ना. आमटी जास्त करते."

"बघते," ती म्हणाली. "नाहीतर दुसरीकडे जाईन."

"पुरणपोळीही करते," मी म्हटलं.