निळ्या जाळाची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. खटकचिंचोळीत, शाळेच्या मागे. गावात माझ्याइतकं ऊन कुणाच्याच वाट्याला येत नाही, म्हणून बायका माझ्या अंगावर गोवऱ्या थापायच्या. नाक मुरडू नका. तानुबाईच्या पाच बोटांचे ठसे अंगावर असले की मला फार बरं वाटे.

चुलीच्या धुराने तिचे डोळे मात्र कायम लाल. १९९६ साली शाळेतल्या पूर्णिमाबाईंनी खटपट करून तिच्या अंगणात गोबर गॅसची टाकी बांधून घेतली. पण तानुबाई टाकीत शेण घालीना.

"गोवरी उन्हानं शुद्ध व्हती, बाई. ह्यो गॅस कुजक्या शेणाचा. त्यावरची भाकर देवाला कशी दाखवू?"

"डोळे जातील, तानुबाई!"

"जाऊ द्या."

बाई रडवेल्या झाल्या. मग त्यांनी गल्लीतल्या बायका जमवल्या आणि गेरू, चुना, काजळी, धुण्याची नीळ घेऊन मला रंगवलं. एका अंगाला धुरात खोकणारी बाई, दुसऱ्या अंगाला तीच बाई निळ्या जाळापुढे, कोरड्या डोळ्यांनी हसणारी.

आणि झालं काय? दुसऱ्या दिवशी हसणाऱ्या बाईला कुंकू लागलं, नारळ फुटला, 'निळव्वा' असं नावही पडलं. पाया पडून सगळ्या घरी गेल्या आणि पुन्हा धुरातच फुंकणी फुंकत बसल्या. मला हात असता तर मी तो कपाळावर मारून घेतला असता.

पण देवीच्या अंगावर शेण कोण थापणार? तानुबाईच्या दोन म्हशी काही थांबल्या नाहीत. सावलीतल्या दुसऱ्या भिंतींवर गोवऱ्या वाळेनात, अंगणात ढीग साचला. शेवटी वैतागून तिने तो टाकीत लोटला.

महिन्याभराने ती ताटलीत गरम भाकर घेऊन माझ्यापुढे आली.

"निळव्वा, तुझ्याच जाळावरची हाय. तू घेतलीस मंजे देवाला चालली."

उरलेली तिने तिथेच बसून खाल्ली. पुढे गल्लीत आणखी सहा टाक्या झाल्या.

नंतर माझ्याकडे कुणी फिरकेना. पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला गेली. माझ्यावर जाहिराती चिकटल्या, रंग उडाले. २०१० साली तानुबाई नातीला, धनलक्ष्मीला घेऊन आली. एक डोळा अंधुक झाला होता, दुसरा शाबूत होता. पोरीने खोकणाऱ्या बाईवर बोट ठेवलं.

"आज्जी, हिच्या तोंडावर ह्ये काळं काय हाय?"

"धूर हाय, बाळ. चुलीचा."

"चुलीला धूर कामून येईल?"

तानुबाई हसली आणि पदराने डोळे पुसू लागली. त्या पाण्याचा मला मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, आता माझे पोपडे पडतात. नुसते हात जोडून पुढे जाऊ नका. चिमूटभर नीळ आणा आणि जाळ तेवढा उजळा. धूर पुसट होत असेल, तर होऊ द्या.