कॉलर आणि शीरखुर्म्याची वाटी

मित्रांनो, असं नाक मुरडू नका! हा वास डांबराच्या गोळ्यांचा आहे, माझा नव्हे. मी उमरग्याच्या आण्णासाहेब वकिलांची काळी शेरवानी. आज ट्रंकेच्या तळाशी पडून आहे आणि बगलेत कसर लागली आहे. पण एके काळी माझ्याशिवाय आण्णासाहेबांना कोर्टात तोंड उघडता येत नव्हतं. निजामाचं राज्य होतं ते. गळ्यापर्यंत बंद केलेली शेरवानी अंगात नसेल, तर आमचे मुन्सिफसाहेब, म्हणजे न्यायाधीश, वकिलाचं ऐकूनच घेत नसत.

मला सादिक दर्जीनं शिवलं. कॉलरचं माप घेताना त्यानं आण्णासाहेबांच्या गळ्याभोवती फीत धरली आणि फितीच्या आत आपलं बोट घातलं. "वकिलाचा गळा हाय साहेब, एक बोट जागा ठिवतो," असं म्हणाला. हे तेवढं ध्यानात ठेवा. पुढं माझ्यावर जो आळ आला, त्याचं उत्तर त्या बोटात आहे.

आण्णासाहेबांना खटल्यांपेक्षा अभ्यासाची गोडी जास्त. कोर्टातून आले, की मला खुंटीला अडकवायचे आणि पुस्तकात डोकं घालायचे. विषय एकच. माणसाला बोलायचा हक्क कुठल्या देशाच्या घटनेनं दिला, किती दिला आणि कुठल्या कलमानं गुपचूप काढून घेतला. त्यावर ते मोठा ग्रंथ लिहीत होते. त्यांचे दोस्त जलीलभाई मुरुमला राहायचे, तेही वकीलच. शुक्रवारी कोर्टाला सुट्टी, म्हणून ते सकाळीच उमरग्याला यायचे. मग दोघांचा वाद जो जुंपायचा, तो दिवस मावळेपर्यंत! चहा गार होऊन जायचा. आण्णासाहेबांच्या मंडळी कस्तुराबाई वैतागून म्हणायच्या, "अवो, बोलायच्या हक्कावर इतकं बोलता, जरा चहा प्यायचा हक्कबी बजावा की!"

तेव्हा सरकारी हुकूम असा होता, की परवानगीशिवाय कुणी जलसा, म्हणजे सभा, भरवायची नाही. लोक दबून होते. वर लेव्हीचा जाच होता. सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीनं धान्य नेत होतं.

एका ईदला मुरुममधले हिंदू-मुसलमान, लहानथोर सगळे जलीलभाईंच्या ओट्यावर शीरखुर्मा खायला जमले. बोलता बोलता लेव्हीचा विषय निघाला. जलीलभाई ताडकन म्हणाले, "गरिबाची कणगी खरवडून नेता, आणि बड्यांच्या कोठारापुढनं मान खाली घालून जाता. एवढंबी बोलायचं न्हाय, तर अल्लानं तोंड दिलंय कशाला?" दुसऱ्या दिवशी शिपाई त्यांना धरून घेऊन गेले. बिनपरवान्याचा जलसा भरवला, असा त्यांच्यावर आरोप आला.

त्यांचं वकीलपत्र आण्णासाहेबांनीच घेतलं, आणखी कोण घेणार? खटल्याच्या दिवशी सकाळी त्यांनी मला अंगात घातलं आणि आरशापुढं उभं राहून एक वाक्य घोकलं. 'हुजूर, ज्याच्या हातात शीरखुर्म्याची वाटी आहे तो पाहुणा असतो, मग पाहुण्यांच्या बैठकीला जलसा कसं म्हणता येईल?' वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचं लोणी होतं ते. मी तर मनातल्या मनात जलीलभाईंना सोडवून घरी आणलंसुद्धा!

कोर्टाच्या दारात पेशकार, म्हणजे मुन्सिफसाहेबांचा कारकून, भेटला. तो आण्णासाहेबांच्या कानाशी लागला. "वकीलसाब, वरून इशारा आहे. आज जास्त बोलाल, तर सनद जाईल." सनद म्हणजे वकिली करायचा परवाना.

आत सरकारची बाजू झाली. मुन्सिफसाहेबांनी विचारलं, "वकीलसाब, आपको कुछ अर्ज करना है?"

आण्णासाहेब उभे राहिले. ते वाक्य वर आलं, मित्रांनो. मी गळ्याशीच होते ना, मला कळलं. गळ्याची घाटी हलली, वाक्य कॉलरपर्यंत आलं आणि तसंच माघारी गेलं. पिंजऱ्यातून जलीलभाई टक लावून बघत होते.

"जी नहीं, हुजूर," आण्णासाहेब म्हणाले आणि खाली बसले.

जलीलभाईंना सहा महिन्यांची कैद झाली. बाहेर लिंबाखाली दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, त्यांच्या बेगम नसीमबी बसल्या होत्या. त्यांनी पडद्याआडून विचारलं, "भाईसाब, तुम्ही बोललात ना त्यांच्यासाठी?"

आण्णासाहेबांचा हात गळ्याशी गेला. "भाभी, काय सांगू... ही कॉलर मेली अशी आवळली, आवाजच फुटला न्हाय."

मी! मी आवळली म्हणे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यावर आळ आला याची लाज होतीच. पण त्याहून जास्त लाज वाटली, ती ज्या गळ्याला मी इतकी वर्षं जपलं, त्या गळ्याची.

हीच गोष्ट त्यांनी घरी सांगितली. कस्तुराबाई बिचाऱ्या भोळ्या. नवऱ्याचा शब्द त्यांना खरा वाटला. "पुन्यांदा असं नगं व्हायला," म्हणत त्यांनी माझा हूक उसवला आणि पार कडेला लावला. माझी कॉलर अशी ढिली झाली, की आत मूठ जावी. बायकोच्या त्या मायेनं आण्णासाहेबांची मान आणखीच खाली गेली. त्यानंतर कोर्टात जाताना ते सारखे माझी कॉलर मुठीत धरायचे. कॉलर एवढी ढिली कशी, असं कुणी विचारेल, याची भीती.

जलीलभाई धाराशिवच्या तुरुंगातून सुटले ते खोकला घेऊनच. तरी शुक्रवारी पुन्हा येऊ लागले. त्या दिवसाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि आण्णासाहेबांनीही काढला नाही. चहा मात्र आता गरमच संपायचा.

पुढं निजामाचं राज्य गेलं. दिल्लीत नवी घटना लिहून होत आली. आण्णासाहेबांचा ग्रंथही पुरा झाला. उमरग्यात त्यांचा सत्कार ठरला. मला ऊन दाखवलं, इस्तरी केली. सभेत जलीलभाई खोकत खोकत उठले आणि हसून म्हणाले, "आमच्या आण्णाएवढा बोलायच्या हक्काचा अभ्यास या मुलखात कुणी केला न्हाय. त्या दिवशी कॉलर आवळली नसती, तर मी सुटलोच असतो बघा!"

लोक खदखदून हसले. हार घातलेले आण्णासाहेब उभे राहिले. त्यांचा हात सवयीनं माझ्याकडं आला, आणि मग हळूच खाली गेला.

"कॉलर आवळली नव्हती," ते म्हणाले. "मी भ्यालो होतो. सनद जाईल म्हणून भ्यालो." आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं. शीरखुर्म्याच्या वाटीचं. सगळं, अगदी हुजूरपासून. म्हणताना आवाज कापत होता, पण फुटला.

जलीलभाईंनी टेबलावरचा ग्रंथ उचलला. "आण्णा, हे आत्ता बोललास ते ह्यात हाय का रे?"

"न्हाय."

"मग ह्यो अजून पुरा झाला न्हाय." त्यांनी ग्रंथ आण्णासाहेबांच्या हातात ठेवला आणि काठी टेकत ते सभेतून निघून गेले.

त्या दिवसानंतर आण्णासाहेबांनी मला अंगात घातलं नाही. कस्तुराबाईंनी लावलेला हूक अजून कडेलाच आहे, आणि सादिकच्या जुन्या टाक्यांची भोकंही दिसतात. मित्रांनो, जुन्या कपड्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवा, कसर झटका, एवढी सेवा आम्हाला पुरे. पण आपल्या भीतीचा आळ आमच्यावर घालू नका. आम्हाला उलट बोलता येत नाही. तुम्हाला येतं.