गन धुवायची खोली

मामंजींच्या नाकाचा आमच्या गॅरेजात मोठा दबदबा होता. गाड्यांना रंग मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि स्प्रे गन धुऊन झाली की ती डोळ्यांनी नाही, नाकाने तपासायची ही त्यांची रीत. गनचा पेला नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "स्वच्छ." नाहीतर, "आत अजून लाल आहे." गिऱ्हाइकं त्यांना नाकवाले काका म्हणायची आणि काकांना ते मनापासून आवडायचं.

मग माझ्या नवऱ्याने गन धुण्याचं मशीन आणलं. पायांवर उभी पत्र्याची पेटी, वर झाकण. आत गन उलटी अडकवायची, झाकण लावायचं, की हवेच्या जोरावर रंग विरघळवणाऱ्या थिनरचे फवारे उडतात आणि मळका थिनर नळीतून खालच्या डब्यात जातो. या मशीनला वीज लागत नाही, आणि ते मुद्दामच. थिनरच्या वाफेला एक ठिणगी पुरते. पण मशीन शहाणं असून काय उपयोग, खोली आमची होती ना! भिंतीवर पंख्याचा जुना खटका, दाबला की आत निळं चमकायचं. म्हणून पंखा आधी लावायचा आणि मगच थिनरला हात लावायचा, असा नियम. खटका खोलीबाहेर काढून देतो, असं नवरा येताजाता म्हणायचा. आमच्याकडे 'उद्या' हा वार रोजच असतो.

मशीन आलं तरी मामंजींचं हुंगणं सुटलं नाही.

"मशीनला नाक असतं का?" ते विचारायचे.

"नसतं, म्हणून तर बिचारं कुणाच्या कामात नाक खुपसत नाही," मी म्हणायचे. ते हसायचे. सून-सासऱ्यांमध्ये एवढं चालायचं आमच्याकडे.

एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर लाल ठिपके उठले आणि माझं हसणं थांबलं. ती गन मामंजींनी हुंगून 'स्वच्छ' म्हणून माझ्या हातात दिली होती. मी उघडली, तर नोझलमागे लाल गाळ तसाच. नवरा म्हणाला, वय झालं, होतं असं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी मी एका बाटलीत नळाचं पाणी भरलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "मामंजी, नवा थिनर आलाय. बघा बरं, चालेल का?"

त्यांनी बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले, मान डोलावली. "तेज आहे. चालेल."

हा माणूस दिवसभर थिनरच्या खोलीत बसतो आणि त्याला वास येत नाही! नळी गळली, डबा भरून वाहिला, तर त्याला कळणार कसं? आणि हे त्यांनी कधीपासून लपवलं होतं कुणास ठाऊक.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबांना त्या खोलीतून काढलं तर ते खंगतील गं."

"आणि नाही काढलं तर जळतील," मी म्हणाले. जरा जास्तच तोडून बोलले, पण भीतीने माझी जीभ नेहमीच तिखट होते.

"बोलतो मी त्यांच्याशी. उद्या."

झालं! तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. कुठे पत्रा वाजला तरी मी हातातलं टाकून धावायचे. सतरा सबबी काढून मी त्या खोलीत डोकावून यायचे. मामंजींना वाटलं, सुनेला मशीनचा लळा लागला.

अशाच एका दुपारी मी मागच्या शेडमध्ये एका गाडीच्या दाराला रंग मारत होते. काम संपलं, मास्क गळ्यात ओढला आणि गन धुवायला निघाले. हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ते उघडलं. आत मामंजी पाठमोरे उभे, मशीन चालू. आणि जमीन चमकत होती.

नळी डब्यातून निसटली होती. थिनर खोलीभर पसरला होता, मामंजींच्या चपला त्यात भिजल्या होत्या. पंखा बंद होता. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं आणि हात भिंतीकडे नेला. त्यांना उकडत होतं.

मी ओरडले. कॉम्प्रेसरच्या आवाजात ते माझं मलाही ऐकू आलं नाही. खरं सांगते, बाहेर पळावं असंच वाटलं. मग कशी कोण जाणे, मी त्या ओल्यातून घसरत पुढे गेले आणि त्यांचं मनगट धरलं. त्यांचं बोट खटक्यावर टेकलं होतं. ते दचकले. मी हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने खाली बोट दाखवलं. त्यांनी जमीन पाहिली, चपला पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

मी त्यांना ओढत अंगणात आणलं. तेवढ्यात नवरा फाटकाकडून धावत आला, सदरा नाकावर दाबून, खोकत. "काय सांडलंय? फाटकापर्यंत वास मारतोय! डोळे झोंबतायत!" त्याने बाहेरून कॉम्प्रेसर बंद केला, खोलीची दारं-खिडक्या सताड उघडल्या. मी मामंजींचे पाय धूत बसले. पाणी त्यांच्या पायांपेक्षा माझ्याच अंगावर जास्त पडत होतं. मामंजी माझ्या गळ्यातल्या मास्ककडे बघत होते.

सकाळी नवरा खरोखरच खटका बाहेर काढायला बसला. मामंजी दोन बाटल्या घेऊन माझ्यासमोर आले.

"काल तुला कळलं कसं?"

"जमीन ओली दिसली."

"त्याआधी? दाराशी? मास्क तर गळ्यात होता तुझा."

माझा हात नकळत गळ्याशी गेला.

"यातल्या एकीत थिनर आहे," त्यांनी बाटल्या पुढे केल्या. "हुंग."

मी डावी हुंगली. उजवी हुंगली. पुन्हा डावी. नाकात नुसती हवा गेली, गार, रिकामी. नवरा काम थांबवून बघत होता. काय सांगायचं? डावीत जरा काहीतरी होतं, असं मला वाटलं. वाटावं असं फार वाटत होतं.

"ही," मी म्हणाले. "तेज आहे."

मामंजींनी ती माझ्या हातातून घेतली आणि सरळ तोंडाला लावली. मी किंचाळून त्यांचा हात धरायला गेले, तोवर त्यांनी घोट गिळला होता. मग उजवी उचलली आणि तिच्यातलंही प्यायले.

"नळाचं आहे," ते म्हणाले. "दोन्ही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खोलीचं दार उघडंच होतं, आणि आत कोण जाणार, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.